काळी कडक बियर आणि तिचे मार्क : मागची गोष्ट

सध्या मुंबई-पुण्याहून रत्नागिरी-मालवणला सुट्टीला येणारी पोरं बॅगेतून स्टाउट, म्हणजे काळी कडक बियर, घेऊन येतात, आणि मग रात्री खळ्यात बसून एकेक घोट घेत मोबाईलवर स्टार देणं सुरू होतं. लेबलवर इम्पिरियल लिहिलेलं असतं, चव गोडसर आणि भाजकी लागते, आणि बऱ्याच जणांचा शेरा ठरलेला, "इम्पिरियल म्हणून कमी पडते, साडेतीन". मला हा त्या बियरवर अन्याय वाटतो, कारण आपण जिच्याशी तुलना करतो ती रशियाकडे गेलेली शाखा, आणि आपल्याकडे जी बनते ती गरम देशांकडे आलेल्या शाखेच्या जास्त जवळची. माहेर दोघींचं एकच, लंडन.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे ब्राउन मॉल्टची (मोड आणून गडद भाजलेल्या बार्लीची) पोर्टर नावाची बियर निघाली, बाजारात आणि बंदरावर ओझी वाहणारे हमाल ती प्यायचे म्हणून तेच नाव पडलं. ती मोठमोठ्या लाकडी पिंपांत महिनोन् महिने मुरवायचे, आणि ही पिंपं किती मोठी तर 17 ऑक्टोबर 1814 ला टॉटनहॅम कोर्ट रोडजवळ म्यूक्सच्या ब्रुअरीत एक फुटलं आणि बियरच्या लोंढ्यात 8 माणसं गेली. त्यातल्या जास्त कडक मालाला स्टाउट पोर्टर म्हणायचे, पुढे नुसतं स्टाउट राहिलं.

आता चवीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वर्ष माझ्या मते 1817. झालं असं की हायड्रोमीटर (रसातली साखर मोजायचं साधन) आल्यावर ब्रुअरांना कळलं की फिकट मॉल्टमधून साखर कितीतरी जास्त निघते, म्हणजे ब्राउन मॉल्ट वापरणं तोट्याचं. पण फिकट मॉल्ट घेतलं तर रंग जातो आणि गिऱ्हाइकाला तर काळीच पाहिजे. मग डॅनियल व्हीलर नावाच्या माणसाने फिरत्या ड्रममध्ये मॉल्ट काळं होईपर्यंत भाजायचं पेटंट घेतलं, जवळजवळ कॉफीचा रोस्टरच तो. मूठभर काळं मॉल्ट, बाकी सगळं फिकट, काम झालं. आज आपण ग्लास नाकाशी नेऊन "कॉफी येते, डार्क चॉकलेट येतं" म्हणतो ना, त्यातलं बरंचसं या ड्रममधून आलेलं आहे, त्याआधीच्या पोर्टरची चव वेगळीच असणार.

रशियाची गोष्ट याच्या आधीची. लंडनच्या सदर्क भागात थ्रेलची अँकर ब्रुअरी होती, 1781 मध्ये ती विकली गेली आणि पुढे बार्कले पर्किन्स झाली. तिथून महाराणी कॅथरीनच्या दरबाराला खास कडक पोर्टर जायची, जोसेफ फॅरिंग्टन या चित्रकाराच्या 1796 च्या डायरीत तशी नोंद आहे. म्हणून ती इम्पिरियल. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून एवढी कडक केली असं सगळीकडे सांगतात पण मला ते पटत नाही, कारण त्याहून कितीतरी लांबच्या प्रवासाला, आफ्रिकेच्या केपला वळसा घालून, गोऱ्या सोल्जरांसाठी पोर्टर हिंदुस्थानात यायची ती तेवढी कडक नसायची, फक्त हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) जास्त घातलेले असायचे, आणि ती नीट पोचायची. आयपीएचं (इंडिया पेल एल या फिकट बियरचं) नाव खूप झालं, पण बराकीतली बियर पोर्टर होती. दापोलीला आपण अजून कॅम्प दापोली म्हणतो, तो कॅम्प 1818 नंतरचा, म्हणजे त्याच काळातला.

गरम देशांची शाखा आणखी एका वाटेने वाढली. डब्लिनच्या गिनेसने 1801 मध्ये वेस्ट इंडिया पोर्टर सुरू केली, तीच पुढे फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट. ती कॅरिबियन, आफ्रिका, आशियात गेली आणि मग तिथल्या ब्रुअऱ्यांनी आपापली स्टाउट काढली, जास्त गोड, फळांचा वास असलेली, कडवटपणा कमी. श्रीलंकेची लायन स्टाउट त्यातलीच, 8.8 टक्क्यांपर्यंत अल्कोहोलची, आणि ब्रिटिश बियर लेखक मायकेल जॅक्सन (गायक नव्हे) यांनी तिची इतकी तारीफ केली की बाहेरच्या लोकांना ती माहीत झाली. तिकडे इंग्लंडमध्ये मात्र इम्पिरियल मरायला टेकली, करेज ब्रुअरीची 1993 नंतर बरीच वर्षं बंदच पडली. तिला पुन्हा मोठं केलं अमेरिकन क्राफ्टवाल्यांनी (छोट्या स्वतंत्र ब्रुअऱ्यांनी), बर्बन व्हिस्कीच्या पिंपात मुरवून वगैरे.

मार्कांची पद्धतही बरीचशी तिथलीच. जजना परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारी बीजेसीपी ही संस्था 1985 ची. तिचे 50 मार्क असे : वास 12, दिसणं 3, चव 20, तोंडातला पोत 5, एकूण मत 10. मग 2000 मध्ये रेटबियर ही साइट आणि 2010 मध्ये अनटॅप्ड हे अ‍ॅप आलं आणि सगळेच जज झाले. यात एक गडबड आहे. चार जणांत एक बाटली वाटून दोन घोट घेतले की जी जास्त जाड, जास्त गोड, जास्त कडक तीच लक्षात राहते, म्हणून वरच्या याद्यांत इम्पिरियल स्टाउटांची एवढी गर्दी.

आता आपल्याकडचं बघा. पुण्यात 2009 मध्ये डूलाली (जागेवरच बियर बनवणारा पब) सुरू झालं आणि महाराष्ट्रात क्राफ्टचं खरं पर्व तिथून. पण आपल्या नियमात स्ट्रॉंग बियर म्हणजे 5 च्या वर ते 8 टक्के, आणि बीजेसीपीच्या बियर-प्रकारांच्या पुस्तकात इम्पिरियल स्टाउट 8 ते 12. म्हणजे जिथे त्यांची सुरू होते तिथे आपली संपते. त्याच पुस्तकात 2015 पासून ट्रॉपिकल स्टाउट हा वेगळा प्रकार आहे, 5.5 ते 8 टक्के, गोडसर, फळांचा वास, भाजकेपणा मऊ, आणि उदाहरणांत लायन आहे. लेबलवर काहीही असू दे, इथली बरीचशी स्टाउट या रांगेत बसते आणि तिथे ती चांगले मार्क घेते.

तिच्याबरोबर खायला काय, हा प्रश्न लंडनवाल्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच सोडवला, ते स्टाउटबरोबर ऑयस्टर खायचे. आपल्याकडे ओहोटीला बायका खडकावर बसून कोयतीने फोडतात ती कालवंच की. खारट कालव आणि भाजकी बियर, एकदा जमवून बघाच, फक्त मसाला कमी टाका.

आणि बाटली फ्रीजमधून काढल्या काढल्या मार्क देऊ नका. बर्फासारख्या गार स्टाउटला नुसता जळका कडवटपणा लागतो. ग्लास तळहातात धरून थोडा वेळ थांबा, 12-13 डिग्रीच्या आसपास आली की आधी काकवीसारखा वास सुटतो, मग मनुका, आणि घशात दारूची ऊब जाणवते. गोडीचे मार्क कापू नका, ती या प्रकारात असायलाच हवी. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला किंवा सोया सॉससारखी खारट चव लागली तर जरूर कापा, पण त्याआधी ती बाटली मे महिन्यात गाडीच्या डिकीत किती तास तापली ते आणणाऱ्याला विचारा.