पानफुटी

पानफुटी म्हणजेच घायमारी, पर्णबीज, नाहीतर हिंदीकडून आलेलं पत्थरचट्टा. विदर्भातल्या खेड्यांत सांदवाडीत, न्हाणीच्या सांडपाण्यापाशी किंवा फुटक्या माठात हे जाड पानांचं झाड कितीतरी वर्षं नुसतं पानांवरच असतं आणि मग एखाद्या पौष-माघात कमरेएवढा दांडा काढून फुलतं, तेव्हा घरचेच विचारतात की हे आपलंच झाड का. आपलंच असतं. दांड्यावर हिरवट-तांबूस, कागदासारख्या फुगीर नळ्या कंदिलासारख्या खाली लोंबतात, बंद कळी दोन बोटांत दाबली की फट्‌ वाजते, पण ते फूल नाही, तो निदलपुंज, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण, खरं लालसर फूल त्याच्या आतून चार टोकं बाहेर काढतं. खालची पानं एकेकटी, वरची तीन ते पाच पर्णिकांची, म्हणजे एका देठावर छोटी छोटी पानं असलेली. कोरफडीचा दांडा सरळ बिनपानाचा असतो, म्हणून दोघींत घोळ व्हायचं कारण नाही.

हा फुलोरा अचानक आल्यासारखा वाटतो, पण अचानक काही होत नाही. झाड पुरेसं वाढलेलं असलं आणि पावसाळ्यानंतर दिवस लहान होत गेले की कळ्या धरतात. फुललेला दांडा नंतर बहुधा वाळतो, बुडातून नवे कोंब येतात.

मूळ कुठलं यावर घोळ आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्कने १७८६ मध्ये वरच्या, पर्णिकांच्या संयुक्त पानांवरून पिन्नाटा (पिसासारखं) हे शास्त्रीय नाव दिलं, आणि आज बहुतेक अभ्यासक मूळस्थान मादागास्कर धरतात. तसं असेल तर आयुर्वेदाच्या जुन्या संहितांमधला, मुतखड्यावर सांगितलेला पाषाणभेद म्हणजे हेच झाड, हे म्हणणं टिकायला कठीण, कारण पाषाणभेद या नावाखाली वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात आणि त्यांतल्या हिमालयातल्या बर्जेनियाकडेच जास्त जाणकारांचा कल आहे. पर्णबीज हे संस्कृत नावही म्हणूनच फार जुनं नसावं. मुतखड्यावर सकाळी पान चावून खायची पद्धत मात्र गावोगावी आहे, पण त्याने खडा विरघळतो असं ठाम म्हणता येत नाही, दुखणं असेल तर डॉक्टरला दाखवावं.

त्या सकाळच्या पानाची चव मात्र खरंच बघण्यासारखी आहे. पहाटे आंबट, दुपारी सपक. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांचं याच झाडावरचं हे निरीक्षण १८१५ मध्ये छापून आलं. झाड रात्री पानांवरची बारीक छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं, मॅलिक आम्ल म्हणून साठवतं आणि दिवसा छिद्रं मिटून वापरतं, म्हणूनच वैशाखातल्या उन्हात पाण्याविना तग धरतं.

फुलोऱ्यात जास्त जपावं लागतं ते जनावरांना. या गटातल्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, फुलांत सगळ्यात जास्त, ऑस्ट्रेलियात ती खाऊन गुरं मेल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा छाटलेला दांडा उकिरड्यावर किंवा गोठ्याजवळ टाकू नये, शेळी सुटी असेल तर नाहीच नाही, आणि पानं तर जिथे पडतील तिथे कडेच्या खाचांतून रुजतातच.