चावीचा रेडिओ की हँडलचा रेडिओ?

कडेला मूठ आहे, ती फिरवली की बातम्या लागतात आणि भिंतीतली वीज लागत नाही. एवढं पाहून हे दोन्ही रेडिओ एकच समजले जातात. पण हाताने केलेली मेहनत एकात स्प्रिंगमध्ये साठते, तर दुसऱ्यात बॅटरीत. अडीअडचणीला रेडिओ बोलेल की नाही, हे त्यावर ठरतं.

चावीचा रेडिओ आधीचा. १९९१ साली ट्रेव्हर बेलिस या ब्रिटिश संशोधकाने आफ्रिकेतल्या एड्सच्या साथीवरचा टीव्ही कार्यक्रम पाहिला. लोकांना माहिती द्यायला रेडिओ उत्तम, पण गावात वीज नाही आणि सेल परवडत नाहीत, अशी अडचण होती. बेलिसने रेडिओला स्प्रिंगच जोडली. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं. आत पोलादाची लांब पट्टी असते. चावी दिली की ती एका रिळावरून दुसऱ्यावर उलटी गुंडाळली जाते आणि परत जाताना गिअरमार्फत छोटा डायनॅमो फिरवते. गजराच्या घड्याळाची स्प्रिंग शेवटी ढिली पडते, तसं इथे होत नाही. जोर जवळजवळ सारखाच राहतो आणि पट्टी संपली की रेडिओ एकदम गप्प. एका चावीत साधारण अर्धा तास. ऐकताना आतून बारीक घरघर येते आणि वजन असं की पाठीवरच्या सॅकमध्ये कोणी हौसेने घेणार नाही. पण पाच वर्षं माळ्यावर पडून राहिला तरी स्प्रिंगचं काही बिघडत नाही. काढा, चावी द्या, ऐका.

आज ऑनलाइन मिळतो तो मात्र हँडलचा. त्यात स्प्रिंग नसते. हँडल फिरवतानाच डायनॅमो वीज तयार करतो, ती आतल्या रिचार्जेबल बॅटरीत जाते आणि रेडिओ त्या बॅटरीवर चालतो. हलका, स्वस्त, वर टॉर्च, सायरन, बहुधा छोटं सोलर पॅनेल आणि मोबाइल चार्ज करायला यूएसबीचं भोकही. बेलिसच्या रेडिओचीही पुढची मॉडेल्स याच वाटेने गेली.

गोम बॅटरीत आहे. लिथियमची असो वा निकेलची, वापरा न वापरा, ती हळूहळू उतरते आणि म्हातारी होते. लिथियम बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिली तर कायमची बसू शकते, मग हँडल कितीही फिरवा. ‘कधीही, कुठेही’ ही जाहिरात खरी ठरवायची तर दर दोन-तीन महिन्यांनी रेडिओ चार्ज करायलाच हवा. साधे एएए सेल टाकायची सोयही असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्यावं. मी तर याच एका गोष्टीवर निवड करेन. हँडल हा शेवटचा आधार आहे, रोजचा नव्हे. शिवाय त्यातले गिअर बहुधा प्लास्टिकचे, ताकद लावली की दाते जातात.

मोबाइल चार्जिंगचं थोडं गणित करू. मोबाइलच्या बॅटरीत साधारण १५ वॉट-तास ऊर्जा मावते. सलग फिरवून हातातून ३ वॉट मिळाले असं धरलं, तरी पाच तास झाले, आणि वाया जाणारी वीज वेगळीच. एक अत्यावश्यक फोन करण्यापुरतं ठीक. वरचं सोलर पॅनेल तळहाताएवढं, त्याच्याकडूनही फार आशा नको.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत बराच काळ वीज नव्हती, मोबाइलही बंद होते. अशा वेळी रेडिओ कामाचाच, फक्त घेताना बँड तपासा, म्हणजे तो कोणत्या लहरी पकडतो ते. अनेक आयात मॉडेल्सवर ‘वेदर बँड’ ठळक छापलेला असतो. तो १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, अमेरिका-कॅनडातल्या हवामान केंद्रांसाठीचा. न्यू जर्सीतल्या मराठी घरात तो सोन्याचा, दापोलीत निव्वळ खरखर. इथे एफएमसोबत मिडियम वेव्ह (रेडिओवर एमडब्ल्यू किंवा एएम लिहिलेला बँड) हवीच. एफएम डोंगराआड अडतं, मिडियम वेव्ह दरीतही पोहोचते, म्हणजे सह्याद्रीत तंबू ठोकणाऱ्यांनाही तीच उपयोगी. फक्त मिडियम वेव्ह ऐकताना हँडल फिरवू नका, डायनॅमोची खरखर आवाजात मिसळते. आधी फिरवून घ्या, मग स्टेशन लावा.