वॉर्डात पेशंटला बांधलं तर घरच्यांनी काय करायचं, कागद कुठले, अर्ज कुणाकडे

मामाला मानसिक त्रासासाठी ॲडमिट केलं होतं, तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर दोन्ही मनगटांवर पट्ट्याचे वळ, सिस्टरला विचारलं तर म्हणे रात्री फार आरडाओरडा केला आणि ड्युटीवर माणसं कमी होती म्हणून बांधलं. आम्ही गप्प बसलो, माहीतच नव्हतं काही. नंतर कायदा वाचला तर स्टाफ कमी आहे एवढ्यावर बांधता येत नाही हे त्यात सरळ लिहिलंय.

कायदा म्हणजे मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, लागू झाला 29 मे 2018 ला, आपलं कलम आहे 97. एकट्याला खोलीत कोंडणं पूर्ण बंद. पट्टे बांधायचे तर पेशंट स्वतःला किंवा दुसऱ्याला त्याच क्षणी इजा करेल आणि दुसरा काहीच उपाय नसेल तरच, तेही त्याच्यावर उपचार करणाऱ्या सायकियाट्रिस्टच्या परवानगीने आणि गरजेपेक्षा एक मिनिट जास्त नाही. शिक्षा म्हणून तर कधीच नाही. कसं बांधलं, का, किती वेळ, हे लगेच केसपेपरवर यायला हवं. साखळी मात्र कुठल्याच परिस्थितीत चालत नाही, ते कलम 95. (तामिळनाडूत एरवाडीला 2001 मध्ये आग लागली तेव्हा साखळीत अडकलेले 28 जण पळताच न आल्याने गेले, ते आठवलं की अजून कसंतरी होतं.) आणि हे फक्त येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीच्या सरकारी मनोरुग्णालयांपुरतं नाही बरं का, प्रायव्हेटला पण लागू.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद, जो आम्ही दिलाच नाही: नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे पेशंटने आपल्या वतीने बघायला नेमलेल्या माणसाचा. पेशंटला बांधलं की 24 तासांत कळवायचं ते या माणसाला. पेशंट सज्ञान असेल तर साध्या कागदावर नाव लिहून सही किंवा अंगठा, बस, स्टॅम्पपेपर वगैरे लागत नाही. प्रतिनिधी पण सज्ञान हवा, जबाबदारी झेपणारा हवा आणि त्याने लेखी होकार द्यायचा. नाव नंतर कधीही बदलता येतं. कागद नसेल तर कायद्यात क्रम ठरलेला आहे, त्यात नातेवाईक येतात, पण नातेवाईक म्हणजे नेमका कोण, मामी की भाचा, यात दोन दिवस जातात, म्हणून ॲडमिट करतानाच देऊन टाका आणि झेरॉक्सवर पोच घ्या.

तक्रार आधी तिथल्या मेडिकल ऑफिसरकडे, लेखी. समाधान नाही झालं तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे याच कायद्याखाली अशा तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे. तिथे अर्ज पेशंट स्वतः करू शकतो, प्रतिनिधी करू शकतो, किंवा पेशंटची संमती असेल तर नोंदणीकृत संस्था. अर्जात नाव, संपर्क, काय झालं, कुठल्या हॉस्पिटलात आणि तुम्हाला काय हवंय एवढं लिहायचं. फी शून्य, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सोबत केसपेपरची कॉपी, प्रतिनिधीचा कागद आणि वळ असतील तर तारखेसकट फोटो जोडा, फोटो कायद्याने मागितलेला नाही, पण वळ चार दिवसांत जातात. पेशंट आत असेल तर अपवाद म्हणून तोंडी किंवा फोनवर केलेला अर्ज पण मंडळ घेऊ शकतं.

अशा अर्जाचा निकाल 90 दिवसांत लागायला हवा, सुनावणी बंद दाराआड होते, वकील नसला तरी चालतं. निकाल पटला नाही तर 30 दिवसांच्या आत हायकोर्टात अपील.