‘मेंदूतलं केमिकल कमी झालंय’: एका वाक्याची पूर्वपीठिका

मानसोपचारतज्ज्ञाकडून घरी आलेल्या माणसाला नातेवाईक विचारतात, “काय म्हणाले डॉक्टर?” उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: “मेंदूतलं केमिकल कमी झालंय म्हणे. गोळ्या दिल्यात.” वाक्य सोयीचं आहे. त्यात कुणाची चूक नाही, संस्कारांचा दोष नाही, बाहेरची बाधा नाही. हिमोग्लोबिन कमी असावं तसं काहीतरी कमी, एवढंच. मग एखादी मावशी पुढचा प्रश्न टाकते: “कमीच आहे ना? मग गोळ्या कशाला, खाण्यातून भरून काढा की. बदाम द्या, ते ओमेगाचं काय असतं ते द्या.”

मावशीला हसण्याचं कारण नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी हाच तर्क लावला. एकदा तो इतका अचूक लागू पडला की पुढे तो सोडवेना. ती एकदाची गोष्ट मक्याची आहे.

१७३५ साली उत्तर स्पेनच्या आस्तुरियास भागात गास्पार कासाल नावाच्या वैद्याने गरीब शेतकऱ्यांतला एक विचित्र आजार टिपून ठेवला. ऊन लागेल तिथली कातडी आधी लाल, मग काळपट आणि खरखरीत. गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखा पट्टा. त्या पट्ट्याला आजही कासालचंच नाव आहे. इटलीत या आजाराला ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव पडलं. कातडीपाठोपाठ जुलाब आणि मग डोकं: झोप उडायची, माणूस खिन्न व्हायचा, त्यानंतर भ्रम, असंबद्ध बडबड, शेवटी मरण. उत्तर इटलीतल्या वेड्यांच्या इस्पितळांत असे रुग्ण मोठ्या संख्येने असत. त्यांच्या ताटात रोज मका असे, आणि मक्याशिवाय फारसं काही नसे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पेलाग्राने थैमान घातलं. हा संसर्गजन्य रोग आहे असंच डॉक्टर धरून चालले होते. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला पाठवलं. त्यांच्या नजरेत एक साधी गोष्ट भरली: अनाथालयांत, वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांना पेलाग्रा होतो, त्याच आवारात वावरणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना होत नाही. जंतू असा माणसं निवडून चावेल कशाला? १९१५ साली त्यांनी मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर ११ कैद्यांना, माफीच्या बदल्यात, मुख्यतः मक्याचं पीठ, तांदूळ आणि साखरेच्या पाकावर ठेवलं. काही महिन्यांत सहा जणांना पेलाग्राची लक्षणं दिसू लागली. तरी लोकांना पटेना. मग गोल्डबर्गर, त्यांची पत्नी आणि सहकारी यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं; गोल्डबर्गर आणि सहकाऱ्यांनी तर रुग्णांच्या खपल्या नि मलमूत्र कणकेच्या गोळीत घालून गिळलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. (हा भाग जेवताना वाचत असाल तर क्षमस्व.)

नेमकं काय कमी आहे हे कळण्याआधीच, १९२९ साली, गोल्डबर्गर वारले. १९३७ साली विस्कॉन्सिनमध्ये कॉनराड एल्वेयेम यांनी कुत्र्यांतला तसाच आजार निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नायसिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाने, बरा करून दाखवला. मग ते माणसांना दिलं गेलं आणि भ्रमात बरळणारे रुग्ण काही दिवसांत शुद्धीवर येऊन आपलं नाव-गाव सांगू लागले. पोटात काहीतरी कमी पडल्याने डोकं फिरतं आणि ते दिलं की ठिकाणावर येतं, याचा इतका लख्ख पुरावा मानसोपचाराला त्याआधी क्वचितच मिळाला असेल.

मका ज्या मेक्सिकोतून आला तिथे हा आजार नव्हता. तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून मग वाटत. चुन्याने दाण्यात अडकून पडलेलं नायसिन मोकळं होतं. युरोपने दाणे नेले, चुना तिथेच राहिला. आपल्या दख्खनवर या गोष्टीत मक्याच्या जागी ज्वारी येते. आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हैदराबादच्या प्रयोगशाळेतले सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतल्या पेलाग्राचं खापर ज्वारीतल्या जादा ल्यूसिनवर, म्हणजे प्रथिनांतल्या एका घटकावर, फोडलं. त्या निष्कर्षावर पुढे वाद झाला. ज्वारीवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. भाकरीबरोबर डाळ आणि शेंगदाण्याची चटणी असली की प्रश्न मिटतो. हा नुसत्या भाकरीवर दिवस काढणाऱ्यांचा रोग.

इथे ट्रिप्टोफॅन हे नाव लक्षात ठेवायला हवं. प्रथिनांतलं हे अमिनो आम्ल. शरीर त्यापासून नायसिन बनवतं, साधारण ६० मिलिग्रॅममधून १ मिलिग्रॅम. आणि त्याच ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिनही बनवतं, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन.

नायसिनच्या यशाने ज्यांची कल्पना भरारली त्यांत कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातले एब्रम हॉफर आणि हम्फ्री ऑसमंड हे पहिले. १९५०च्या दशकात त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना नायसिनच्या प्रचंड मात्रा द्यायला सुरुवात केली आणि उत्साहवर्धक निकाल छापले. दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी १९६८ साली ‘सायन्स’मध्ये लेख लिहून या विचाराला ‘ऑर्थोमॉलिक्युलर’ असं भारदस्त नाव दिलं: प्रत्येकाच्या मेंदूला योग्य रेणूंचं योग्य प्रमाण हवं, ते पुरवा. वाक्य ऐकायला निर्दोष आहे. पण इतरांनी नीट तुलना करून पाहिलं तेव्हा गुण आला नाही, आणि १९७३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या समितीने तो दावा फेटाळला. पेलाग्राच्या रुग्णात नायसिन खरोखरच कमी होतं, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णात तसं काही सिद्ध झालेलं नव्हतं, हा साधा फरक मोठ्या नावाच्या प्रकाशात दिसेनासा झाला असावा.

दुसरी वाट सर्पगंधेतून गेली, आणि ती मुंबईवरून जाते. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा रक्तदाबावर आणि वेडावर उपयोगी असल्याचं लिहिलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांचा अनुभव मांडला आणि जग या मुळीकडे वळलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढण्यात आलं. ते दिलं की प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन रिकामं होतं, हे १९५५ साली अमेरिकेत दिसलं. रक्तदाबासाठी रेसरपिन घेणारे काही रुग्ण उदास झाल्याचेही अहवाल येत होते. उलट, १९५२ साली न्यूयॉर्कच्या क्षयरोग इस्पितळात इप्रोनियाझिड दिलेले रुग्ण अचानक उल्हसित झाले होते. ते औषध सेरोटोनिनसारख्या रसायनांचं विघटन रोखतं. बेरीज-वजाबाकी जुळली: कमी म्हणजे उदासी, जास्त म्हणजे उभारी. ‘केमिकल कमी झालंय’ या वाक्याचा जन्म इथला.

गंमत म्हणजे त्याच १९५५ साली ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधली एक चाचणी छापून आली होती. तिच्यात रेसरपिनने चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना उलट बरं वाटलं होतं. तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. जुळणाऱ्या हिशेबात न बसणारी पावती टेबलावरून खाली पडते, तशातला प्रकार.

१९६३ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक कॉपेन आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या औषधाला ट्रिप्टोफॅनची जोड दिली, आणि परिणाम वाढला. आता पूरक आहारवाल्यांना हवं ते मिळालं: थेट कच्चा माल. अडचण अशी की ट्रिप्टोफॅन पोटात गेलं म्हणजे मेंदूत गेलं असं होत नाही. रक्तातून मेंदूत शिरायला त्याला इतर मोठ्या अमिनो आम्लांबरोबर एकाच दारातून जावं लागतं, आणि प्रथिनयुक्त जेवणात ती बाकीची मंडळी संख्येने कितीतरी जास्त असतात. केळ्यातलं सेरोटोनिन तर ते दार ओलांडतच नाही.

तरी १९८०च्या दशकात अमेरिकेत झोप आणि उदासीसाठी ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या धडाक्यात खपल्या. १९८९ साली न्यू मेक्सिकोतल्या काही रुग्णांचे स्नायू असह्य दुखू लागले, रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भरमसाट वाढल्या. पुढे १,५०० हून अधिक रुग्ण आणि किमान ३७ मृत्यू नोंदले गेले. धागा जपानच्या शोवा डेंको कंपनीच्या मालापाशी पोचला: जिवाणूंच्या नव्या वाणापासून उत्पादन, शुद्धीकरणात कोळशाचा वापर कमी, आणि मालात अशुद्ध घटक. ट्रिप्टोफॅन बाजारातून उठलं, पण भूक उठली नाही. त्याची जागा ५-एचटीपीने घेतली; ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनताना मधल्या पायरीवर तयार होणारा हा पदार्थ. १९९४च्या कायद्याने तर अमेरिकेत पूरक आहार सुरक्षित नि गुणकारी असल्याचं विक्रीआधी सिद्ध करून दाखवण्याची गरजच ठेवली नाही. नैराश्याच्या गोळ्या चालू असताना ५-एचटीपी मनाने घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं, हे मात्र बाटली घेणाऱ्याला अनेकदा कुणी सांगत नाही.

लिथियमची गोष्ट या रांगेत घुसखोरासारखी येते. ऑस्ट्रेलियाचे जॉन केड दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचे कैदी होते. जीवनसत्त्वांच्या अभावाने माणसं काय होतात हे त्यांनी तिथे पाहिलं. १९४९ साली त्यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिलं आणि आश्चर्यकारक सुधारणा नोंदवली. हा क्षार आजही बायपोलरवरचा, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजारावरचा, खंदा उपचार आहे. पण त्या रुग्णांत लिथियम कमी नव्हतं. ते औषध म्हणून चालतं, आणि गुण येण्याची मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर इतकं थोडं की रक्त तपासत राहावं लागतं.

ओमेगा-३च्या वाटेवर १९९९ सालचा ३० बायपोलर रुग्णांचा अमेरिकन अभ्यास आशादायक होता. मग मोठ्या चाचण्या आल्या. १८,३५३ प्रौढांना पाच वर्षांच्या आसपास ड जीवनसत्त्व किंवा ओमेगा-३ देऊन पाहिलं. नैराश्य टाळण्यात दोन्हींचा उपयोग दिसला नाही. ते निकाल २०२० आणि २०२१ साली आले. आणि २०२२ साली लंडनमधल्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र चाळून सांगितलं की नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सुसंगत पुरावा नाही. औषधं निरुपयोगी, असा त्याचा अर्थ नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून अंगात पॅरासिटामॉल कमी पडलं होतं असं आपण म्हणत नाही.

मावशीचा तर्क मात्र एका ठिकाणी आजही खरा उतरतो, आणि तेही आपल्या अंगणात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली शहर आणि खेड्यांतल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास छापला; ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होतं. बी-१२ फार घटलं तर हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, उदासी, क्वचित भ्रमसुद्धा. म्हणून उदासी घेऊन आलेल्या शाकाहारी माणसाला डॉक्टर आधी बी-१२ची तपासणी लिहून देतात. अहवालात आकडा खरंच खाली असेल तर इंजेक्शनाने फरक पडू शकतो.

बाकी बाटल्यांवर मनःस्वास्थ्य, शांत झोप, प्रसन्नता अशी अक्षरं पुढच्या बाजूला मोठ्या टायपात असतात. भारताच्या २०१६च्या नियमानुसार अशा पूरक आहारावर आणखी एक ओळ छापावी लागते. मेडिकलच्या काउंटरवर बाटली हातात घेऊन फिरवली की सापडते: नॉट फॉर मेडिसिनल यूज.