छळछावणी आणि मृत्युछावणी

नाझी राजवटीने ज्यूंवर केलेल्या अत्याचारांविषयी मराठीत लिहिताना डाखाऊ, बेर्गन-बेल्सन, ऑशविट्झ, ट्रेब्लिंका ही सारी नावे सरसकट ‘छळछावणी’ या शब्दाखाली घातली जातात. डाखाऊला हा शब्द नेमका लागू पडतो. ट्रेब्लिंकाला तो पडत नाही, कारण तेथे आणलेल्या माणसांपैकी बहुतेक जण छावणीत एक रात्रही राहिले नाहीत.

म्युनिकजवळची डाखाऊ छावणी मार्च १९३३ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यानंतर दोन महिन्यांच्या आत सुरू झाली, आणि तेथील पहिले कैदी कम्युनिस्ट व समाजवादी असे राजकीय विरोधक होते. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. बराकी, हजेरी, मारहाण, उपासमार आणि अंग मोडून टाकणारे काम, असा तेथला दिनक्रम होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची दुकाने फोडून प्रार्थनामंदिरे जाळल्यावर सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना डाखाऊ, बुखेनवाल्ड आणि झाक्सेनहाउझेन येथे डांबण्यात आले, परंतु देश सोडून जाण्याच्या अटीवर त्यांतील बहुतेकांना काही आठवड्यांत वा महिन्यांत सोडूनही देण्यात आले. डाखाऊत १२ वर्षांत किमान ४० हजार माणसे मेली. तरीही कैद्याला जिवंत ठेवून मोडणे हे त्या व्यवस्थेचे मूळ काम होते.

ट्रेब्लिंका ही मृत्युछावणी होती, तिला कैदी नकोच होते. वॉर्साच्या ईशान्येला जुलै १९४२ मध्ये सुरू झालेली ही जागा साधारण ४०० मीटर रुंद आणि ६०० मीटर लांब, म्हणजे एखाद्या छोट्या वाडीएवढी होती. एवढ्याशा जागेत जेमतेम वर्षभरात सुमारे ९ लाख ज्यूंना मारण्यात आले, आणि त्यासाठी जर्मन अधिकारी २०-३० च पुरले. उरलेला पहारा सुमारे शंभर सहायक रक्षक देत. वॉर्साच्या घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक माणसे आगगाडीने येथे आणली गेली. उतरणाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून रेल्वे स्थानकाचा देखावा उभारलेला होता. कपडे उतरवून घेतले जात, स्त्रियांचे केस कापले जात आणि इंजिनाचा विषारी धूर सोडलेल्या कोठड्यांत दोन-तीन तासांच्या आत सारे संपत असे. सामानाची वर्गवारी आणि प्रेतांची विल्हेवाट यांसाठी काहीशे ज्यूंना तेवढे मागे ठेवले जाई. त्यांनीच २ ऑगस्ट १९४३ रोजी उठाव केला. पुढे नाझींनी इमारती पाडल्या, जमीन नांगरली आणि वर शेतघर बांधले. बेल्झेत्स, सोबिबोर आणि हेल्मनो या छावण्याही याच प्रकारात येतात.

आपल्या मनातले चित्र मात्र पहिल्या प्रकारचे असते, आणि त्याचे कारण साधे आहे: बेर्गन-बेल्सनमध्ये एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्य शिरले तेव्हा तेथे ६० हजारांच्या आसपास कैदी आणि हजारो न पुरलेली प्रेते होती, आणि तेच चित्रीकरण जगभर दाखवले गेले. ते मृत्यू भूक आणि टायफस यांमुळे झाले होते. तेथे गॅसच्या कोठड्या नव्हत्या. ज्यूसंहार नाकारणारे लोक याच गोंधळाचा फायदा घेतात: डाखाऊत गॅसने सामूहिक हत्या झाल्याचा पुरावा नाही, म्हणजे त्या कोठेच झाल्या नाहीत, असा त्यांचा कांगावा असतो.

सर्वांत मोठा घोटाळा ऑशविट्झमुळे होतो, कारण तेथे दोन्ही व्यवस्था शेजारी-शेजारी होत्या. १९४० मध्ये पोलिश राजकीय कैद्यांसाठी उघडलेल्या या छावणीला पुढे बिर्केनाऊ या गॅसच्या कोठड्या असलेल्या छावणीची जोड मिळाली, आणि फलाटावरच निवड होऊ लागली: कामाला चालतील ते एका बाजूला, म्हातारे, आजारी, मुले आणि त्यांच्या आया दुसऱ्या बाजूला, थेट गॅसच्या कोठड्यांकडे. हातावर गोंदलेला क्रमांक, जो ऑशविट्झची खूण म्हणून सर्वांना ठाऊक आहे, तो फक्त पहिल्या बाजूच्यांना मिळे. दुसऱ्या बाजूच्यांची नोंदच होत नसे, आणि म्हणून तेथील सुमारे ११ लाख मृतांचा आकडा इतिहासकारांना मुख्यतः युरोपभरातून निघालेल्या गाड्यांच्या हिशेबावरून काढावा लागला.