‘योद्धा जनुक’ असलेला माणूस जन्मतःच हिंसक असतो का?

वर्षानुवर्षे फिरणारा दावा असा: ‘एमएओए जनुकाचा कमी सक्रिय प्रकार, म्हणजेच ‘योद्धा जनुक’, असला की माणूस हिंसक होतोच.’

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मोनोअमाइन ऑक्सिडेझ ए हे विकर (एन्झाइम) बनवतं. सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनालिन, डोपामिन हे संदेशवाहक रेणू आपलं काम करून पेशीत परतले की हे विकर त्यांचं विघटन करतं. जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागात डीएनएच्या 30 अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. बहुतेकांत तो 3 किंवा 4 वेळा असतो. 3 वेळा असला तर प्रयोगशाळेतल्या पेशींत विकर कमी बनतं, पण निरोगी पुरुषांच्या मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये या दोन प्रकारांत फरक दिसला नाही.

आता साधा हिशेब करा. 3 वेळांचा हा कमी सक्रिय प्रकार अनेक समाजांत एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त पुरुषांत आढळतो. तेवढे पुरुष हिंसक असतात का?

गोंधळाचं मूळ 1993 सालच्या एका डच कुटुंबाच्या अभ्यासात आहे, ज्यातले काही पुरुष हिंसक वागत. तिथे एकच अक्षर बदलल्याने विकर बनणंच थांबलं होतं. ती अतिशय दुर्मीळ स्थिती वेगळी, हा सर्रास आढळणारा प्रकार वेगळा.

हातात जनुक चाचणीचा अहवाल असेल तर त्यात पुनरावृत्तींची संख्या प्रत्यक्ष मोजली आहे का, ते आधी पाहा. स्वस्त चिप चाचण्या सुटी अक्षरं वाचतात, ही लांबी नाही. स्त्रियांत दोन एक्स असल्याने तिथे एकच आकडा दिला असेल, तर दोन्ही प्रती सारख्या आहेत की एक सुटली, हेही विचारा.