‘सेवा तर बायकांच्या रक्तातच असते’, मग कंबर का मोडते?

‘बायकांना सेवा उपजतच जमते, मनापासून करणारीला थकवा येत नाही,’ हे वर्षानुवर्षं ऐकतोय. कौतुकासारखं वाटतं, म्हणून कुणी खोडत नाही. पण ते चूक आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवणाऱ्या रुग्णसेविकेला बघा. तिचा एक हात त्याच्या खांद्याखाली, दुसरा कमरेखाली, गुडघा पलंगाच्या कडेला टेकवलेला. आणि नेमका तेव्हाच तो घाबरून तिचा दंड धरतो. अमेरिकेतल्या नायॉश या संशोधन संस्थेच्या तज्ज्ञाने २००७ मध्ये पेशंटला हाताने उचलण्यासाठी ३५ पौंडांची, म्हणजे साधारण १६ किलोंची मर्यादा सुचवली. तीही परिस्थिती अनुकूल असेल तर. प्रौढ माणूस याच्या तिप्पट-चौपट भरतो. मायेने मणका वाचत नाही. वाचतो तो सरकत्या चादरीने, उचलयंत्राने आणि जोडीला दुसरी व्यक्ती असल्याने.

मनाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार गळून जाण्याची, व्याख्या केली ती कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणातून येणारी अवस्था अशी. त्यात ‘तिची माया कमी पडली’ असं कुठेही नाही. तरी ध्यानाचा एक वर्ग ठेवला की व्यवस्थापन सुटल्यासारखं वागतं! पाळीला माणसं कमी, आठवड्याची सुट्टी ऐनवेळी रद्द, त्याचं काय?

आणि पेशंटने किंवा नातेवाइकांनी केलेली शिवीगाळ, अंगचटी ‘कामाचा भाग’ नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा करार क्रमांक १९० अशा बाहेरच्यांकडून होणाऱ्या छळाचीही दखल घेतो.